अब्बांच्या फळीवरचे आठ अंक

एक

अब्बांच्या कबरीवरचा एक अंक नाहीसा झाला आहे, हे मला संपतनं सांगितलं. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. ऐकलं, आणि निवडत राहिले.

"ताई, ऐकताय ना? आठ आकडे व्हते. मी मोजलेले. आता सातच हायेत."

"पावसानं गेला असेल."

"फेब्रुवारीत कुठला पाऊस? पुसलाय कुणीतरी. जवळ गेलं की रॉकेलचा वास येतोय."

संपत हडपसरचा. अब्बांचा जुना विद्यार्थी. घरची शेती होती, आता निम्म्या रानात इमारती उभ्या आहेत. "सरांनी मला दोनदा नापास केलं," हे तो एखादं पदक दाखवावं तसं सांगतो. मंडईत माल टाकून परत जाताना तो कबरीवर फुलं ठेवून यायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरातल्या बायका कबरस्तानात जात नाहीत. काही घरांतल्या जातात, आमच्यातल्या नाही. म्हणून अब्बांची कबर मी पाहिलेली नव्हती. जे कळायचं ते जाऊन आलेल्या पुरुषांच्या तोंडून कळायचं.

कबरीची माती बसेपर्यंत तिथे दगड उभा करत नाहीत. तोवर लाकडी फळी असते, तिच्यावर रंगानं लिहिलेलं असतं. दफनानंतर चाळिसाव्या दिवशी कबरस्तानाच्या कमिटीची माणसं फळी पाहतात, मंजुरी देतात, आणि कारागीर फळीवर असेल तेवढंच दगडात कोरतो. जास्त नाही, कमी नाही. मंजुरी मिळाली नाही तर दगड नाही. आणि ज्या कबरीवर दगड नाही, तिथे काही वर्षांनी दुसऱ्या कुणाला जागा देतात. शहरात जागा कमी आहे, मेलेल्यांनाही.

अब्बांनी जाण्याआधी एकच गोष्ट मागितली होती. "नावाखाली ती संख्या घाल." ती म्हणजे कुठली, हे विचारावं लागलं नाही.

७३९३९१३३.

अब्बा शाळेत गणित शिकवायचे. दर वर्षी शेवटच्या तासाला ही संख्या फळ्यावर लिहायचे. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. मग एकेका मुलाला उठवून मागचा एकेक अंक पुसायला लावायचे. ७३९३९१३, तीही मूळ. ७३९३९१, तीही. असं करत करत फळ्यावर एकटा सात उरायचा, तोही मूळच. मागून कितीही तोडा, उरलेल्याला भाग जात नाही. अशा संख्या थोड्याच आहेत आणि त्यांच्यातली ही सगळ्यांत मोठी. हिच्यामागे आणखी कुठलाही अंक जोडला तरी ती मोडते.

मी संपतला विचारलं, "कुठल्या बाजूचा आकडा गेला?"

"कडेचा," तो म्हणाला. "कडेचा गेलाय."

म्हणजे मागचा, असं मी धरून चालले. म्हणजे पुसणाऱ्याला अब्बांचा शेवटचा तास माहीत आहे. अशी दोनच माणसं कबरीवर जात होती. एक अब्बांचे सहकारी मेहेंदळेकाका. दुसरा माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

पुढच्या गुरुवारनंतर आणखी एक अंक गेला.

दोन

गोपाळकृष्ण मेहेंदळे अब्बांबरोबर तीस वर्षं एकाच शिक्षकखोलीत बसले. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी आमच्याकडे यायचे आणि दोघं भांडायचे. आता शनिवारी ते कबरस्तानात जातात.

"आधी पर्वती चढायचो," ते म्हणाले. "आता इकडे जातो. चढ नाही, आणि तुझा बाप पहिल्यांदाच माझं पूर्ण ऐकून घेतो."

मी त्यांच्या घरी गेले होते. काकू बाहेर होत्या. त्यांनी स्वतः चहा केला आणि साखर विसरले.

"काका, फळीवरचे अंक कोण पुसतंय?"

"कोण ते ठाऊक नाही. गाढव आहे एवढं खात्रीनं सांगतो. पुढून पुसतोय."

"पुढून?"

"पुढून! आधी सात उडवला, मग त्याच्यानंतरचा तीन. अगं, या संख्येची सगळी गंमत मागून खोडण्यात आहे. पुढून खोडायला लागलं की कधीतरी १३३ उरणार. एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. झालं, मोडली! पुसायचंच होतं तर निदान रीतीनं पुसायचं. तुझा बाप असता तर खडू फेकून मारला असता."

ते खरोखरच चिडले होते. पुसण्यापेक्षा चुकीच्या टोकानं पुसण्याचा राग जास्त होता. मी त्यांच्याकडे पाहत बिनसाखरेचा चहा संपवला.

"बेबी," ते दारापर्यंत आल्यावर म्हणाले, "तू जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते."

"तोंडावरून वाटत नाही. असो. विचारायचं म्हणून विचारलं."

रस्त्यानं येताना मी माझं गृहीतक बदललं. पुढून पुसणाऱ्याला ही संख्या म्हणजे काय हे माहीत नाही. मग ते मेहेंदळेकाका नव्हेत, आणि संपतही नव्हे. ज्याच्या लेखी त्या आठ अंकांना काही अर्थ नाही, असा कुणीतरी. आणि असं माणूस आमच्या घरातच होतं.

फळी रंगवायला दिली त्या दिवशी बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे मोठे भाऊ दादामियाँ, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कबर आहे का मोटारसायकल? नंबर कशाला?"

तीन

बडे अब्बांकडे जाण्याआधी मी युसूफभाईंकडे गेले. फळी त्यांनी रंगवली होती, दगडही तेच कोरणार होते. कसबा पेठेतल्या त्यांच्या खोलीत पांढरी धूळ असते. कपाळावर, भुवयांवर, चहाच्या कपात.

"आपा, तुम्ही कशाला आलात? निरोप दिला असता तर मी आलो असतो."

"पुसलेले अंक पुन्हा रंगवता येतील?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "कमिटीनं सांगितलंय, चाळिसाव्यापर्यंत फळीला हात लावायचा नाही. मी लावला तर उद्यापासून मला तिथे कोण काम देईल?"

"किती उरलेत?"

"काल शुक्रवारी, जुम्याला पाहिले तेव्हा पाच. एकक, दशक, शतक, तिन्ही गेले. दोन्ही तीन आणि त्यांच्या आधीचा एक."

मी म्हटलं, "सात गेला ना?"

"सात जागेवर आहे."

"मेहेंदळे सर म्हणाले, सर्वांत आधी सातच गेला."

"आपा, मी रंगवलाय तो. माझा सात मला ओळखू येणार नाही?"

आठातले पाच उरले होते. तीन मागून गेले असतील तर पुढून एकही गेलेला नाही. पुढून गेले असतील तर मागून एकही नाही. दोन्ही खरं असणं शक्यच नव्हतं. तीस वर्षं अब्बांच्या शेजारी बसलेला माणूस आणि अब्बांच्या कबरीचा दगड कोरणारा माणूस, या दोघांतला एक जण माझ्याशी खोटं बोलत होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पायाला मुंग्या आल्या की आपलाच पाय दुसऱ्याचा वाटतो, तसं गेले काही आठवडे सगळंच वाटत होतं.

चार

"लिहून दाखवा," मी म्हटलं. "फळीवर होतं तसंच्या तसं."

युसूफभाईंनी खडू घेतला आणि एका कोऱ्या दगडावर लिहायला लागले. उजवीकडून डावीकडे अब्बांचं नाव आलं, शमशुद्दीन अत्तार. मग हात उचलला, खालच्या ओळीत पार डाव्या टोकाला नेला आणि तिथून उजवीकडे अंक लिहीत आले. सात, तीन, नऊ, तीन.

अंक उर्दू होते.

मी त्यांना संख्या कागदावर साध्या अंकांत लिहून दिली होती. फळीवर ती तशीच असेल असं मी धरलं होतं. त्यांनी वरच्या नावाला शोभावी म्हणून उर्दूत लिहिली. त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि मी फळी पाहिलेलीच नव्हती.

उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातल्या संख्या आपल्यासारख्याच डावीकडून उजवीकडे लिहितात. ज्याला उर्दू येते त्याला हे लहानपणापासून माहीत असतं. ज्याला येत नाही त्याला एवढंच माहीत असतं, की ही लिपी उलटी जाते.

मी तिथूनच खालच्या औषधाच्या दुकानात जाऊन मेहेंदळेकाकांना फोन केला.

"काका, तुम्हाला फळीवरचे अंक वाचता आले?"

"वाचता कसले येतायत? ते उर्दू. पण उर्दू उजवीकडून वाचतात एवढं मला कळतं. उजवीकडचा पहिला अंक म्हणजे सात. तोच गेला."

काका खोटं बोलले नव्हते. त्यांनी रिकामी जागा खरीच पाहिली होती आणि तिथे कुठला अंक असणार ते तर्कानं ठरवलं होतं. तर्क चुकला होता.

संपत दुसऱ्या दिवशी वांगी घेऊन आला तेव्हा मी त्याच्यापुढे पाटी ठेवली. तिच्यावर ती आठ चिन्हं उर्दूत लिहिली होती.

"संपत, सरांच्या शेवटच्या तासासारखं कर. मागचा एक अंक पूस."

त्यानं जराही विचार न करता बोटाला थुंकी लावली आणि सगळ्यांत डावीकडचा अंक पुसला. सात.

"बरोबर हाय ना, ताई?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "चहा घे."

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या पाटीपुढे बसून राहिले. अम्मी आत झोपली होती.

अब्बांची ती गंमत ज्यांना माहीत होती ते दोघेही, पुसायचं ठरवलं असतं तर, डावीकडून पुसत गेले असते. फळीवर पुसलं जात होतं उजवीकडून. म्हणजे दोघेही सुटले.

आणि माझी सुरुवातीची चूक मला दिसली. उरलेली संख्या दर वेळी मूळ आहे, म्हणून पुसणारा जाणकार आहे, असं मी मानलं होतं. पण ही संख्याच अशी आहे. जाणत्यानं पुसली काय आणि अजाणत्यानं पुसली काय, त्या टोकानं पुसली की मागे मूळ संख्याच राहते. तो पुरावा नव्हताच. तो संख्येचा स्वभाव होता.

मग पुरावा कुठला? आकडा मागच्या टोकापासून जातोय, म्हणजे पुसणाऱ्याला उर्दू वाचता येत असणार. युसूफभाई? रंगाऱ्याकडे टर्पेंटाईन असतं, तो रॉकेल कशाला वापरेल? कमिटी? कमिटीला संख्या नको असती तर एका हातासरशी सगळ्या ओळीवर चुना फासला असता. जो शत्रू आहे तो सगळं एकदम पुसतो. आठवड्याला एकच अंक पुसतं कोण? ज्याला पुसायचं आहे आणि पुसवत नाही, तो.

दर गुरुवारी कबरीवर फातेहाची प्रार्थना पढायला आमच्या घरातून एकच माणूस जात होतं.

पाच

बडे अब्बांचं अत्तराचं दुकान एवढं लहान आहे, की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना पाय दुमडून घ्यावे लागतात. तिथे जायला माझे आणखी दोन गुरुवार गेले. दुपारची वेळ होती. ते काडीला कापूस गुंडाळत होते.

"ये. रडायला आलीस?"

"नाही."

"मग बस. रडणारं माणूस बसलं की गिऱ्हाईक येत नाही."

मी बसले. "बडे अब्बा, फळीवर आता किती अंक उरलेत?"

"मी काय पहारेकरी आहे?"

"तीन उरलेत. संपत सकाळी सांगून गेला."

"मग मला कशाला विचारतेस?"

"चाळिसाव्याआधी एकच गुरुवार राहिलाय. तुम्ही एका वेळी एकच पुसता. म्हणजे दोन उरतील. सगळे पुसायचे असते तर तुम्ही हिशेब करून दोन-दोन पुसले असते. म्हणजे तुम्हाला दोनच ठेवायचेत. पुढचे दोन."

काडीवरचा कापूस सुटला. त्यांनी तो पुन्हा गुंडाळला नाही.

"तुझ्या बापासारखी बोलतेस," ते म्हणाले. "आधी उत्तर, मग समोरच्यानं गणित करायचं."

"त्र्याहत्तर का ठेवायचेत?"

"कमिटीची माणसं जियारतला, तिसऱ्या दिवशीच आली होती माझ्याकडे. म्हणाली, दगडावर नाव, तारीख आणि वय. बाकी काही चालणार नाही. आकडे काढा, नाहीतर मंजुरी नाही. मी भांडलो. त्यांना म्हटलं, तुमच्या बापाची जागा आहे का? तर म्हणाले, हो, आमच्याही बापाची आहे, त्यांच्या कबरीवरही नाव आणि तारीखच आहे." त्यांनी काडी खाली ठेवली. "यावर काय बोलणार? खरं होतं."

"मग?"

"मग फळीसमोर उभा राहिलो. पुढचे दोन वाचले. सात आणि तीन. म्हटलं, हे तर शमशूचं वय. हे दोन राहू शकतात."

"अब्बांचं वय एकाहत्तर होतं. पेपरात मीच दिलं होतं."

"इंग्रजी वर्षांनी. दगडावर तारीख कुठली घालणार? हिजरी. मग वय इंग्रजी कसं घालणार? तो मोहरमला जन्मला, तेराशे सदतीस. तापाची साथ होती. घरातून दोन जनाजे गेले आणि तिसऱ्या दिवशी हा रडला. मी दाराशी उभा होतो. आणि गेला रजबमध्ये, चौदाशे दहा. कर वजाबाकी, मास्तरची मुलगी आहेस."

मी केली. त्र्याहत्तर. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. सत्तर वर्षांत असे दिवस साठत साठत दोन वर्षं होतात. अब्बांनी मला हे शिकवलं होतं. पण त्यांचं वय त्या हिशेबानं मोजायचं मला सुचलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?"

ते बाटल्यांची ओळ नीट करू लागले. ती नीटच होती.

"तू रडली नाहीस," ते म्हणाले. "तुझी अम्मी रडली, मी रडलो. तो हडपसरचा बाबा तर एवढा रडला, की लोक मला विचारायला लागले, हा मोठा मुलगा का? तू नाही. तू फक्त म्हणालीस, संख्या घाला. मला वाटलं, या पोरीकडे धरायला तेवढंच आहे. ते काढून कसं घेऊ? म्हणून एकेक काढला. दर वेळी वाटायचं, आज पुरे. पुढच्या जुमेरातीला बघू. कमिटीवाले विचारायचे, झालं का? मी म्हणायचो, म्हातारा माणूस आहे, हात दुखतो."

"मोटारसायकल म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. मला आजही ठाऊक नाही तो आकडा कसला ते. बरीच वर्षं वाटायचं, लॉटरीचा असेल."

मी त्यांच्या गल्ल्यावरचं पाकीट उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला ती संख्या लिहिली. मूळ संख्या म्हणजे काय ते सांगितलं. मग एकेक अंक मागून खोडत गेले. त्यांनी पहिल्या गुरुवारी पुसलेला तीन. दुसरा तीन. एक. नऊ. तीन. दर वेळी थांबून म्हटलं, हिलाही भाग जात नाही. ही पण मूळच. ते चष्मा लावून माझ्या बोटाकडे बघत होते. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी पुसत होतो तरी..."

"हो."

"मी त्याचं काही मोडलं नाही?"

"नाही, बडे अब्बा. कुठल्याच गुरुवारी नाही."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसायला फडकं उचललं, मग त्याला रॉकेलचा वास येतो हे लक्षात आल्यासारखं खाली ठेवलं. मीही दुसरीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी हातगाडीवरून तांब्याचे हंडे नेत होतं आणि ते एकमेकांवर वाजत होते.

सात अंक गेले असते तरी मी काही बोलले नसते, असं मी इतके दिवस समजत होते. ते खरं नव्हतं. मला ते आठही हवे होते. अजूनही हवे आहेत. पण आठ अंक मागितले तर दगडच मिळणार नव्हता, आणि दगड नसला तर काही वर्षांनी अब्बा कुठे आहेत हे विचारायलाही जागा उरणार नव्हती.

"या गुरुवारी नऊ पुसा," मी म्हटलं.

"तू सांगतेस?"

"मी सांगते. आणि युसूफभाईंना म्हणावं, वय अंकांतच कोरायचं, अक्षरांत नाही."

"एवढं मलाही कळतं," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला त्यांनी आत बोलावलं, खस दिलं, सुटे परत केले. मी उठले नव्हते.

"आता काय?"

"मी येते तुमच्याबरोबर. गुरुवारी. फाटकापर्यंत."

त्यांनी गल्ला बंद केला. आमच्या घरातली कुठलीच बाई तिथवर गेली नव्हती.

"फाटकाशी सावली नाही," बडे अब्बा म्हणाले. "मला वेळ लागतो. छत्री घेऊन ये."